वादळ सुट्टीत येतं, शाळा जूनमध्ये गळते : तौक्तेनंतर वसई-विरारच्या शाळांचा हिशेब कोणाकडे?

१७ मे २०२१, सोमवार. तौक्ते चक्रीवादळ मुंबई आणि पालघरच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होतं. वसई-विरारमध्ये दिवसभर सोसाट्याचा वारा आणि पाऊस. झाडं उन्मळून पडली, विजेचे खांब वाकले, पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. किनाऱ्यावरच्या गावांत होड्यांचं नुकसान झालं. अनेक ठिकाणी दिवस-दोन दिवस नव्हे, त्याहून जास्त काळ वीज नव्हती. त्याच रात्री वादळ गुजरातच्या दीव-उना भागात धडकलं आणि बातम्या तिकडे वळल्या. समुद्रातल्या पी-३०५ तराफ्याच्या दुर्घटनेने देश हादरला होता, त्यामुळे गावागावांतलं नुकसान मागे पडलं.

पुढच्या काही दिवसांत पंचनामे सुरू झाले. घराचा पंचनामा, बागेचा पंचनामा, होडीचा पंचनामा. पण गावातली जिल्हा परिषदेची शाळा? ती बंद होती. उन्हाळी सुट्टी होती आणि त्यातच कोरोना. कौलं सरकली, पत्रा उचकटला, खिडकीतून पाणी आत गेलं, तरी कुलूप उघडून बघायला त्या आठवड्यात कोणाला सवड होती? घर गळलं तर घरमालक तलाठ्याच्या मागे लागतो. शाळा गळली तर मागे लागणारा नेमका कोण, हे आजही अनेक गावांत कोणी सांगू शकत नाही. वादळानंतर शाळा सावरण्याच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

वादळाचं वेळापत्रक आणि शाळेचं वेळापत्रक

अरबी समुद्रातली वादळं वर्षातून दोन हंगामांत येतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये. दुसरा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्या किनाऱ्याला अलीकडे बसलेले दोन मोठे तडाखे पहिल्या हंगामातले आहेत. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगर भागात आलं. तौक्ते १७ मे २०२१ ला. त्याआधीचं फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं.

निसर्ग येण्याआधी हवामान खात्याने हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास ते किनारा ओलांडेल असा इशारा दिला होता. म्हणजे वसई, पालघर, डहाणू हे सगळं त्या पट्ट्यात होतं. वादळ रायगडला गेलं म्हणून आपण वाचलो. तिकडे श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि रत्नागिरीतल्या दापोली, मंडणगड तालुक्यांत शेकडो शाळांची कौलं-पत्रे उडाले, आणि काही भागांत वीज यायला कित्येक आठवडे लागले.

हे पुन्हा होणार नाही असं समजायला जागा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली आहेत.

आता हे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. मेमध्ये शाळेला सुट्टी. शिक्षक गावी गेलेले. किल्ली मुख्याध्यापकांकडे किंवा शेजारच्या घरात. वादळ येऊन जातं, मग पाठोपाठ पाऊस लागतो. शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडते, तेव्हा नुकसान झालेलं असतंच, पण त्यावर पंधरा-वीस दिवसांचा पाऊसही पडून गेलेला असतो. पत्र्याच्या एका भोकाचं काम मेमध्ये काही हजारांत झालं असतं. जूनपर्यंत भिंतीत ओल मुरते, वायरिंग खराब होतं, फळा आणि बाकं फुगतात. खर्च कितीतरी पटीने वाढतो.

तौक्तेच्या वर्षी तर याहून वाईट झालं. राज्यातल्या शाळा प्रत्यक्ष सुरू झाल्या ४ ऑक्टोबर २०२१ ला, आणि त्याही ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरी भागात आठवीपासून. पहिलीपासूनचे वर्ग उघडायला १ डिसेंबर उजाडला. म्हणजे १७ मे रोजी ज्या वर्गखोलीचा पत्रा उडाला, ती खोली अख्खा पावसाळा तशीच भिजू शकली असती आणि वर्गात पहिलं मूल येऊन बसेपर्यंत साडेसहा महिने निघून गेले असते.

पंचनामा झाला तरी पैसे कुठून?

घर पडलं तर रस्ता ठरलेला आहे. तलाठी येतो, पंचनामा होतो, यादी तहसीलदाराकडे जाते, पैसे खात्यात येतात. उशीर होतो, रक्कम कमी पडते, तक्रारी असतात. पण रस्ता माहीत असतो.

शाळेचा रस्ता वेगळा आणि लांब आहे. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांना कळवणार. केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांना. तिथून अहवाल जिल्हा परिषदेला. मग बांधकाम विभागाचा अभियंता येऊन पाहणी करणार, अंदाजपत्रक करणार. मग निधीचा शोध. तो जिल्हा नियोजन समितीतून येऊ शकतो, समग्र शिक्षा योजनेतून येऊ शकतो किंवा आपत्ती निधीतून. खोली फारच धोकादायक असेल तर आधी तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ती वापरातून काढून पाडायची परवानगी. निर्लेखन झालं आणि नवी खोली मंजूर झाली नाही, की दोन वर्ग एका खोलीत किंवा व्हरांड्यात बसतात. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना हे चित्र नवीन नाही.

पैशांचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. तौक्तेच्या वेळी लागू असलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीला प्रति शाळा कमाल दीड लाख रुपये धरले होते. २०२२ मध्ये हे निकष सुधारले गेले. दुसरीकडे, शाळेला दरवर्षी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत असतील तर २५ हजार. त्यातच खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं आलं. आपल्याकडच्या पाड्यावरच्या शाळांचा पट बहुतेक वेळा छोटाच. म्हणजे ज्या शाळेचं छप्पर सगळ्यात कच्चं, तिच्या हातात सगळ्यात कमी पैसे.

इथे ग्रामपंचायतीची भूमिका येते. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग ग्रामपंचायतीला गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो. पेसा गावांना मिळणारा ५ टक्के अबंध निधी असतो, तो तर ग्रामसभेने ठरवायचा. पूर्व पट्ट्यातल्या आदिवासी गावांसाठी हे महत्त्वाचं आहे. पत्रे, कौलं, हूक, गटार ही कामं या निधीतून होऊ शकतात. अट एवढीच, की ती आराखड्यात धरलेली हवीत. वादळ आल्यावर आराखड्यात घालायला गेलं तर पुढचं वर्ष उजाडतं.

गाव पालिकेत, शाळा जिल्हा परिषदेत

वसई-विरारचा गुंता यात आणखी एक गाठ मारतो. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महापालिका झाली. चार नगर परिषदा आणि आजूबाजूची गावं तिच्यात आली. रस्ते, पाणी, दिवाबत्ती पालिकेकडे गेली. पण पालिका हद्दीतल्या प्राथमिक शाळा अनेक वर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. हस्तांतरणाचा विषय बैठकांत येत राहिला आणि पुढे ढकलला जात राहिला.

याचा वादळाशी संबंध काय? सरळ आहे. शाळेच्या अंगणात पडलेलं झाड कोणी उचलायचं, असा प्रश्न आला की पालिका म्हणणार शाळा आमची नाही, आणि जिल्हा परिषदेची यंत्रणा पालघरमध्ये. शाळेसमोर गटार तुंबून वर्गात पाणी शिरलं तर गटार पालिकेचं, वर्ग जिल्हा परिषदेचा. करभरणाऱ्या पालकाला यातला फरक कळत नाही आणि कळायची गरजही नसावी. पण फाईल मात्र याच फरकावर अडते.

त्यात माध्यमिक शाळांचा तिसरा प्रकार आहे. वसई पट्ट्यात जुन्या शिक्षण संस्थांच्या अनुदानित शाळा भरपूर आहेत. तिथे शिक्षकांचा पगार सरकार देतं, इमारत संस्थेची. छप्पर उडालं तर संस्थेने बघायचं. मोठी संस्था असेल तर माजी विद्यार्थी पुढे येतात, निधी उभा राहतो. छोट्या संस्थेच्या शाळेत मुलं एक-दोन वर्षं ताडपत्रीखाली शिकतात.

पूर आला तरी हेच होतं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये कित्येक दिवस पाणी साचलं होतं. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. त्यानंतर पाणी का तुंबलं हे शोधायला नीरी आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमली गेली. पाणी कुठून जावं यावर अभ्यास झाला, तो हवाच होता. पण पाणी ओसरल्यावर शाळा कशी उभी करायची, याची पद्धत काही ठरली नाही.

कपाटातला कागद भिजला तर

शाळेचं नुकसान म्हटलं की छप्पर डोळ्यांसमोर येतं. खरं मोठं नुकसान बहुतेक वेळा कपाटात असतं.

प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. मूल शाळेत दाखल झालं तेव्हाची जन्मतारीख, जात, जन्मगाव, वडिलांचं नाव, सगळं त्यात. शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरवरून निघतो. जात पडताळणीला जुनी शालेय नोंद हा मोठा पुरावा मानला जातो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आहे. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर त्यांची एक ओळ अख्ख्या कुटुंबाला उपयोगी पडते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरं उघडली गेली. तेव्हा अनेकांना कळलं, की गावातलं सगळ्यात मौल्यवान कागदपत्र शाळेच्या लोखंडी कपाटात, गळक्या छताखाली पडलेलं आहे.

वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांसाठी तर ही बाब फार मोठी आहे. घरी जुने कागद नसतात. असलेले वादळात घराबरोबर गेले, तर शाळेची नोंद हाच शेवटचा आधार. तीही भिजून शाई पसरली, तर पुढची कितीतरी वर्षं दाखल्यासाठी कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात.

तौक्तेच्या वर्षाने याचं आणखी एक उदाहरण दिलं. त्या वर्षी कोरोनामुळे दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली होती. वादळ येऊन गेल्यावर अकरा दिवसांनी, २८ मे २०२१ रोजी शिक्षणमंत्र्यांनी निकालाचं सूत्र जाहीर केलं. १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावर, ३० दहावीच्या लेखी मूल्यमापनावर आणि २० तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिकावर. म्हणजे त्या वर्षी मुलांचा दहावीचा निकाल शाळेत ठेवलेल्या नोंदींवर अवलंबून होता. जिथे वीज नाही, इंटरनेट नाही, तिथल्या शिक्षकांनी ते गुण शोधून, जुळवून, ऑनलाइन भरायचे होते. कपाट कोरडं असलं तर काम रात्रीचा दिवस करून होतं. कपाटात पाणी गेलं तर मुलाचा दोष नसताना त्याचा निकाल अडचणीत.

या नुकसानीवरचा उपाय स्वस्त आहे. जनरल रजिस्टरची पानं मोबाईलने किंवा स्कॅनरने टिपून दोन ठिकाणी ठेवणं, कपाट जमिनीपासून वीट-दोन वीट उंच ठेवणं, मेमध्ये कागद जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं. एवढ्यासाठी मंजुरी लागत नाही.

मूल परत येतं का?

पत्रा बसवता येतो, पण मूल शाळेत परत येईलच असं नाही. वादळाची सगळ्यात मोठी किंमत इथे मोजली जाते, आणि ती कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

अर्नाळा किल्ला हे बेटावरचं गाव. पाणजू हे खाडीतलं बेट. इथल्या मोठ्या मुलांना शिकायला होडीने यावं-जावं लागतं. हवामान बिघडलं की शाळा बुडाली. तानसा नदीच्या पट्ट्यात भाताणे परिसरातल्या गावांचा पांढरतारा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. इथली मुलं दरवर्षी काही दिवस गमावतातच. त्यावर वादळ आलं की दिवसांचे आठवडे होतात.

घरची कमाई गेली की प्रश्न आणखी वाढतो. तौक्ते आलं तेव्हा मच्छीमारांचा हंगाम संपत आला होता, १ जूनपासून दोन महिने मासेमारीबंदी. होडी फुटली तर दुरुस्तीचा खर्च आणि कमाई शून्य, दोन्ही एकदम. बागायतदाराची केळी गेली तर वर्षाचं गणित गेलं. पूर्व पट्ट्यातली अनेक आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. परत आल्यावर घरच उडालेलं दिसलं, तर पुढच्या हंगामाची उचल आधीच घ्यावी लागते. अशा घरातल्या नववी-दहावीच्या मुलाला “यंदा राहू दे शाळा, थोडे दिवस कामाला चल” असं म्हटलं जातं. ते थोडे दिवस बऱ्याचदा संपत नाहीत. मुलीच्या बाबतीत तर लग्नाची बोलणी सुरू होतात.

यात सरकारी योजनेतली एक फट दिसते. पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. भिजली तर शाळेमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पुन्हा मागणी करता येते. नववी-दहावीची पुस्तकं मात्र विकत घ्यावी लागतात. शाळा सोडण्याचा धोका ज्या वयात सर्वांत जास्त, त्याच वयात मदत थांबते. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात हे खरं. पण गावात आठ दिवस वीज नसेल तर मोबाईल चार्ज कुठे करायचा?

जेवणाचा प्रश्नही आहेच. शाळा बंद म्हणजे पोषण आहार बंद. तांदळाचं पोतं भिजलं तर शाळा उघडूनही चूल पेटत नाही. २०१५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे शाळेच्या दिवशी आहार देता आला नाही, तर त्याऐवजी मुलाला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो. हा नियम फार कमी पालकांना माहीत आहे.

कायद्याची बाजू मुलाकडे आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो, की जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. वादळामुळे नातेवाइकांकडे विरारला किंवा पालघरला राहायला गेलेल्या मुलाला तिथल्या शाळेने लगेच बसवून घेतलं पाहिजे. तोच कायदा पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असंही सांगतो. वादळात बुडालेले दिवस भरून काढायचे असतात. ते नुसते वजा करून चालत नाही.

सगळ्या कामांना शिक्षकच

शाळा सावरण्याच्या चर्चेत शिक्षक हा फक्त काम करणारा माणूस धरला जातो. त्याचंही घर तिथेच आहे, हे विसरलं जातं.

जिल्हा परिषदेचे अनेक शिक्षक विरार-नालासोपारा भागात राहतात आणि लोकल, एसटी, रिक्षा करत पाड्यावर पोहोचतात. रेल्वे बंद पडली की शाळा बंद. त्यात पालघर जिल्ह्यात रिक्त पदांचा प्रश्न जुना आहे. एक किंवा दोन शिक्षकांच्या शाळेत एकजण सर्वेक्षणाला किंवा निवारा केंद्राच्या ड्युटीला लागला, की वर्ग कोण घेणार?

निवारा केंद्र हा आणखी एक मुद्दा. वादळाच्या आधी किनाऱ्यावरच्या कुटुंबांना हलवायचं तर गावातली पक्की इमारत म्हणजे शाळा. तिथे लोकांना ठेवणं चुकीचं नाही, जीव महत्त्वाचा. पण लोक गेल्यावर शौचालयं कोण साफ करणार, तुटलेली बाकं कोण देणार, पाण्याची टाकी कोण धुणार, याचा निधी आणि जबाबदारी आधी लिहून ठेवलेली नसते. शेवटी मुख्याध्यापकच पदरचे पैसे घालतात.

वारा सुटला की रडणारी, वर्गात गप्प बसणारी मुलंही असतात. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत राहिले, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी हे जवळून पाहिलं. छताखाली बसायला घाबरणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी पाढे म्हणायला लावून उपयोग नसतो. पहिला आठवडा खेळ, गाणी, गप्पा, चित्रं यांत गेला तरी तो वाया जात नाही. वरून येणाऱ्या आदेशांत याला जागा हवी.

इतरांनी काय केलं?

ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर किनाऱ्यावर शेकडो बहुउद्देशीय निवारे बांधले. त्यातल्या अनेकांत एरवी शाळा भरते. म्हणजे पक्की इमारत, जिना, शौचालय, पाणी, सगळं वादळासाठी बांधलेलं आणि रोज वापरात असल्यामुळे देखभालीतलं. आपल्याकडे उलट होतं. जी शाळा वादळासाठी बांधलीच नाही, तिला आपण निवारा करतो.

केरळने २०१८ च्या महापुरानंतर कागदांचा प्रश्न आधी हातात घेतला. ज्यांचे दाखले, गुणपत्रकं वाहून गेली त्यांच्यासाठी अदालती भरवल्या. वेगवेगळ्या खात्यांचे लोक एका जागी बसले, नव्या प्रती तिथेच मिळाल्या. तालुक्याला चार फेऱ्या मारणाऱ्या माणसाला याची किंमत सांगायला नको.

अमेरिकेत २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं आणि जवळपास ३ लाख ७० हजार विद्यार्थी विस्थापित झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या संसदेने वेगळा कायदा केला. त्यात दोन वेगळे निधी होते. बंद पडलेल्या शाळा पुन्हा सुरू करायला ७५ कोटी डॉलर आणि विस्थापित मुलं ज्या शाळेत गेली त्या शाळेला मुलामागे पैसे द्यायला ६४.५ कोटी डॉलर. तो देश श्रीमंत, आपली त्यांच्याशी बरोबरी नाही. पण त्यातला विचार घेण्यासारखा आहे. इमारतीला मदत एक, मुलाला मदत दुसरी. आणि मूल जिथे जाईल तिथे मदत त्याच्या मागे गेली पाहिजे.

आपल्याकडेही काही गोष्टी झाल्या आहेत. २०१९ च्या कोल्हापूर-सांगली पुरानंतर मुलांना पुन्हा पुस्तकं दिली गेली. दुष्काळ किंवा अतिवृष्टीच्या सवलतींत परीक्षा शुल्क माफी असते. पण हे प्रत्येक वेळी नव्याने मागावं लागतं. मोठी आपत्ती असेल, मंत्री येऊन गेले असतील, तर मिळतं. वसईच्या दहा-पंधरा शाळांचे पत्रे उडाले तर कोणाच्या नजरेत येत नाही.

गावाला काय करता येईल?

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात. शाळेच्या मागे लागणारा माणूस कोण, याचं कायदेशीर उत्तर ही समिती आहे.

वादळाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये :

१. सुट्टी लागण्याआधी समितीने छप्पर, खिडक्या, वायरिंग आणि शाळेवर झुकलेल्या फांद्या बघाव्यात. तारखेसह फोटो काढून ठेवावेत. नुकसान वादळानेच झालं हे नंतर यावरूनच दाखवता येतं.

२. शाळेची एक किल्ली सुट्टीत गावात कोणाकडे राहील हे ठरवून लिहून ठेवावं.

३. जनरल रजिस्टर आणि निकालपत्रकांची प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवावी. त्यात लोकांची खासगी माहिती असते, म्हणून प्रत मुख्याध्यापक आणि केंद्राकडेच असावी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये.

४. शाळा निवारा केंद्र होणार असेल, तर नंतरच्या साफसफाईचा आणि भरपाईचा खर्च कोण देणार, हे तहसील किंवा पालिकेकडून लेखी घ्यावं.

वादळानंतर, पहिल्या पंधरा दिवसांत :

५. शाळा उघडून पाहणी करावी. फोटो, यादी आणि समितीचा ठराव करून एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक तहसीलदारांना, एक ग्रामपंचायत किंवा पालिकेच्या प्रभाग कार्यालयाला द्यावी. पोच घ्यावी.

६. अभियंत्याची पाहणी होईपर्यंत भेगा पडलेल्या किंवा छप्पर लटकलेल्या खोलीत मुलांना बसवू नये. समाजमंदिर, सभागृह, चर्चचं किंवा देवळाचं सभागृह मागून घ्यावं.

७. पटावरचं प्रत्येक मूल कुठे आहे, याची घरोघर जाऊन यादी करावी. नववी-दहावीची मुलं आणि मुली आधी. पुस्तकं, गणवेश, प्रवासाची अडचण तिथल्या तिथे लिहावी.

८. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर आधी डिजिलॉकरमध्ये बघावी. दुय्यम प्रतीसाठी शाळेमार्फत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे अर्ज करावा.

प्रशासनाकडून मागायची गोष्ट एकच, पण ठोस : वादळाच्या पंचनाम्याच्या नमुन्यात शाळा आणि अंगणवाडीचा रकाना वेगळा असावा, आणि तलाठ्याबरोबर केंद्रप्रमुखाची सही त्यावर घ्यावी. पालिका हद्दीत तर पालिका आणि जिल्हा परिषद यांनी कोणतं काम कोणाचं, हे पावसाळ्याआधी लिहून जाहीर करावं. याला नवा निधी लागत नाही. एक परिपत्रक पुरेसं आहे.

१ मेच्या ग्रामसभेत पाणीटंचाई आणि घरकुलांच्या याद्या दरवर्षी येतात. तौक्ते त्या तारखेनंतर सोळाव्या दिवशी आलं होतं. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर शाळेचं छप्पर आणि शाळेचं कपाट हे दोन विषय आले, आणि प्रभाग कार्यालयात पालकांनी तेच दोन अर्ज दिले, तर जूनच्या पहिल्या दिवशी पोरं कोरड्या वर्गात बसतील.